आगगाडीच्या एंजिनाचें आयुष्य

आगगाडीचें एंजिन किती वर्षें काम करतें, असें कोणीं विचारलें तर आपण सहज म्हणूं, झिजून निकामी होईपर्यंत. वर्गांत मीही मुलांना बहुधा हेंच उत्तर दिलें असतें. परंतु प्रत्यक्ष इतिहास निराळा आहे.

दोन उदाहरणें घ्या. इंग्लंडांत लीड्स येथें १८५५ सालीं तयार झालेलें ‘फेअरी क्वीन’ नांवाचें एंजिन हिंदुस्थानांत आलें आणि १९०९ पर्यंत सेवेंत राहिलें. उलट, ब्रिटिश रेल्वेनें बांधलेलें वाफेचें अखेरचें एंजिन ‘ईव्हनिंग स्टार’ हें स्विंडनच्या कारखान्यांतून मार्च १९६० मध्यें बाहेर पडलें, आणि मार्च १९६५ मध्यें त्यास सेवेंतून काढण्यांत आलें. एकाची सेवा चौपन्न वर्षांची, दुसऱ्याची अवघी पांच!

पांच वर्षांत तें झिजलें काय? मुळींच नाहीं. वाफेच्या एंजिनानें सकाळीं गाडी ओढावयाची असेल, तर कित्येक तास अगोदर भट्टी पेटवावी लागते. कोळसा व पाणी भरावें लागतें, राख काढावी लागते, बॉयलर वरचेवर धुवावा लागतो, आणि ड्रायव्हरच्या जोडीला फायरमनही हवा. डीझेलचें एंजिन थोड्याच वेळांत निघावयास सिद्ध होतें. हा हिशेब करून ब्रिटिश रेल्वेनें १९५५ सालीं नवी योजना आंखली, व ऑगस्ट १९६८ मध्यें तेथील मुख्य मार्गांवरील वाफेचें युग संपलें. हजारों एंजिनें, जुनीं आणि नवीं, भंगारांत गेलीं.

याच काळांत वेल्समधील बॅरी बंदरांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. तेथील भंगाराचे व्यापारी डाय वुडहॅम यांनीं अशीं सुमारें तीनशें एंजिनें विकत घेतलीं होतीं. परंतु मालाचे डबे तोडणें अधिक सोपें. म्हणून त्यांनीं आधीं डबे हातीं घेतले, आणि डब्यांचें काम संपेल त्या दिवसांसाठीं एंजिनें राखून ठेवलीं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत तीं वर्षानुवर्षें गंजत उभीं राहिलीं. दरम्यान हौशी लोकांनीं वर्गण्या जमविल्या, आणि १९६८ पासून १९९० पर्यंत एकेक करून २१३ एंजिनें तेथून सोडवून नेलीं. त्यांतील कित्येक दुरुस्त होऊन पुन्हां प्रवाशांच्या गाड्या ओढूं लागलीं. वुडहॅम यांना तोडावयास डबे कमी पडले असते, तर हीं एंजिनें केव्हांच वितळून गेलीं असतीं!

‘फेअरी क्वीन’ही असेंच वाचलें. १९९७ सालीं, वयाच्या बेचाळिसाव्या नव्हे, एकशेंबेचाळिसाव्या वर्षीं, तें दिल्लीहून अलवरकडे प्रवासी घेऊन पुन्हां धांवलें.

आतां आपल्याकडे पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी नेली, ती ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ या तीन एंजिनांनीं. नांवें आपणांस तोंडपाठ आहेत. दाखवावयास एंजिन मात्र एकही उरलें नाहीं.

यंत्र निरुपयोगी ठरल्यानंतर आणि मोलाचें ठरण्यापूर्वीं एक मधला काळ येतो. बहुतेक यंत्रें त्याच काळांत नाहींशीं होतात. घरांतील आजोबांचें घड्याळ किंवा आजीचें शिवणयंत्र मोडींत काढण्यापूर्वीं, श्रोतेहो, एवढें अवश्य स्मरावें.