चार पायांचा गेस्ट

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एकच विषय, 'वीकेंडला कुठे?' कुणी अलिबाग म्हणतं, कुणी कर्जत. आपणही जोशात 'डन' म्हणतो आणि दुसऱ्याच मिनिटाला आठवतं, अरे, घरच्या कुत्र्याचं काय? मग आईला मस्का, शेजारच्या काकूंना विनवण्या, नाहीतर दिवसाच्या भाड्याने केनेल. यातलं काहीच जमलं नाही की प्लॅन कॅन्सल!

माझ्या घरी चकली आहे. वय वर्षं नऊ, शेपटी नावासारखीच गोल, जात अस्सल गावठी. केनेलमध्ये ठेवली की ती जेवणच सोडते, म्हणून गेली काही वर्षं आमचा नियम आहे: जिथे चकली चालते तिथेच सुट्टी. या नियमामुळे एक गोष्ट पक्की कळली. 'पेट-फ्रेंडली' या शब्दाचा अर्थ दर हॉटेलागणिक बदलतो.

कुठली ब्रीड, मॅडम?

फोनवरचा पहिला प्रश्न हमखास हाच. मी म्हणते, "बोरिवली." पलीकडे शांतता. मग हळूच, "म्हणजे स्ट्रीट डॉग?" लॅब्रडॉर आणि पगला रेड कार्पेट, गावठीला मात्र 'मॅनेजरला विचारून सांगतो'. बॉस, टाटांच्या फोर्टातल्या 'बॉम्बे हाऊस'मध्ये २०१८च्या नूतनीकरणानंतर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली आहे. एवढ्या मोठ्या ऑफिसला चालतं, तर तीन खोल्यांच्या कॉटेजला काय हरकत आहे?

दुसरी गंमत 'अलाऊड'ची. एका रिसॉर्टने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "हो हो, डॉग्ज अलाऊड." पोचल्यावर कळलं की अलाऊड म्हणजे वॉचमनच्या केबिनमागे, जनरेटरशेजारी, साखळीला! आम्ही चहा घेतला आणि गाडी वळवली. तेव्हापासून मी 'कुत्रा चालेल का?' असं विचारतच नाही. विचारते, 'रात्री कुत्रा कुठे झोपेल?' या एका प्रश्नाच्या उत्तरात हॉटेलाची सगळी कुंडली कळते. 'तुमच्या खोलीत' हे उत्तर न अडखळता आलं तरच पुढची बोलणी.

खाडीपलीकडचं गाव

आमचं फेव्हरिट ठिकाण लांबचं नाही. बोरिवलीच्या जेट्टीवरून खाडी ओलांडली की गोराई. एस्सेलवर्ल्डमुळे (१९८९ ते २०२२) हे नाव आपल्या पिढीच्या शाळेच्या पिकनिकशी जोडलं गेलंय आणि २००९ मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस लांबूनच दिसतो. पण खरं गोराई त्याच्याही पुढे आहे: कोळीवाडा, ईस्ट इंडियन कुटुंबांची कौलारू घरं, चर्च, वाड्या आणि लांबलचक किनारा. गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात छोटी कॉटेजेस आणि भाड्याचे बंगले आहेत. कुत्र्यासाठी मोठ्या हॉटेलापेक्षा हेच बरे. लिफ्ट नाही, लॉबी नाही, अंगण आहे आणि मालक समोर राहतो.

आमच्या कॉटेजवाल्या आंटींनी ब्रीड विचारलीच नाही. त्यांचा प्रश्न होता, "रात्री भुंकते काय गं?" मी खरं ते सांगितलं: अनोळखी आवाज आला की भुंकते. त्यांनी आम्हाला रस्त्यापासून लांबची, मागची खोली दिली. विषय संपला! खरं बोलण्याचा हा फायदा.

प्रवासाचाही फार व्याप नाही. लांब पल्ल्याच्या ट्रेनने कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन बुक करावी लागते, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. इथे खाडीची फेरी काही मिनिटांची. मात्र बोटवाल्याला आधी विचारायचं, गर्दीची वेळ टाळायची आणि पट्टा आखूड धरायचा. बोटीत बाईकही चढतात, त्यांच्या सायलेन्सरपासून शेपटी सांभाळा.

आता सीरियस गोष्ट. रात्री उशिरा फेरी बंद होते. समोर बोरिवलीचे दिवे दिसत असतात, पण तिथे पोचायला गाडीने उत्तन, भाईंदर, दहिसर असा मोठा वळसा पडतो. रात्री कुत्र्याला काही झालं तर हा वळसा जिवावर बेतू शकतो. म्हणून गोराईला जाताना आम्ही स्वतःची गाडी घेऊन रस्त्यानेच जातो, किंवा रात्री येणारा रिक्षावाला आधी ठरवून ठेवतो. रात्री फोन उचलणाऱ्या व्हेटचा नंबरही मोबाइलमध्ये सेव्ह हवाच.

समुद्र बघून वेडा होतो तो!

कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. त्यामुळे दुपारी बारा ते चार किनारा बंद. वाळूवर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार. खारं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब ठरलेले, म्हणून गोड्या पाण्याची बाटली हातातच ठेवायची. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात. त्यांचा दंश माणसालाही रडवतो आणि कुत्रा तर ते आधी हुंगायलाच जातो. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर त्याला मोकळं सोडू नका.

परत आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ. मग कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचिडी शोधायच्या. गोचीड-ताप उशिरा लक्षात आला तर महागात पडतो.

आपण पाहुणे आहोत

हॉटेलवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण आधीच्या गेस्टच्या कुत्र्याने गादी फाडली आणि गेस्टने चादर टाकून ती झाकली, तर मालक पुढच्याला 'नो' म्हणणारच ना! पाऊस सरला की या गावांत बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. आपल्याला तो 'टिपिकल कोकणी सीन' वाटतो, त्यांची ती वर्षाची कमाई आहे. तिथे पट्टा सोडायचा नाही. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचेही आपापले इलाके असतात. आपला शहरी हीरो धावत आत घुसला की मारामारी ठरलेली. आणि हो, शी उचलायची. वाळूत पुरायची नाही, उचलायची!

आपण नीट वागलो तर पुढच्या वीकेंडला फोन करणाऱ्या गावठीवाल्यालाही 'या' असं उत्तर मिळेल.

बुकिंगआधी पाच प्रश्न

१. रात्री कुत्रा कुठे झोपेल?
२. कुत्र्याचे वेगळे पैसे किती आणि डिपॉझिट आहे का? (व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.)
३. कंपाउंडला भिंत किंवा कुंपण आहे का?
४. हॉटेलचा स्वतःचा कुत्रा किंवा मांजर आहे का?
५. आम्ही जेवायला गेल्यावर तो कुठे थांबेल?

बॅगेत काय हवं?

लसीकरणाचं कार्ड (रेबीजचा डोस चालू असलेला, पावसाळी सहलीआधी लेप्टोच्या लसीचंही व्हेटला विचारा), रोजचं खाणं, त्याचीच वाटी, जुनी चादर (घरचा वास आला की झोप लागते), जादा पट्टा, गळ्यात तुमच्या नंबरचा बिल्ला, जुने टॉवेल, शीसाठी पिशव्या. पार्टीतलं चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा घातलेली ग्रेव्ही त्याच्यापासून लांब. कितीही गोड डोळे केले तरी!