उष्णतेचा जमा-खर्च : उन्हात राबणाऱ्यांसाठी

चैत्र संपून वैशाख लागला की वृत्तपत्रांत दरवर्षी एकच सल्ला छापून येतो : दुपारी बारा ते चार या वेळात घराबाहेर पडू नये. सल्ला योग्यच आहे. परंतु ज्यांचे पोट बाहेरच्या कामावर अवलंबून आहे, त्यांना तो पाळता येत नाही. रस्त्यावर डांबर पसरणारे मजूर, वीटभट्टीवरील कुटुंबे, कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारे अगरिये, रेल्वेमार्गाची देखभाल करणारे कामगार, पेरणीपूर्वीची मशागत उरकणारे शेतकरी, इमारतींवर सळ्या बांधणारे कारागीर या सर्वांना ऊन टाळता येत नाही, सोसावेच लागते. ते कोणत्या मर्यादेपर्यंत सोसता येते आणि ती मर्यादा कशी ओळखावी, याचा विचार या लेखात केला आहे.

शरीराचे खाते

आपल्या शरीराचे आंतरिक तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते दोन-तीन अंशांनी जरी वाढले, तरी मेंदू, मूत्रपिंड आणि हृदय यांचे कार्य बिघडू लागते. म्हणून शरीर उष्णतेचा जमा-खर्च सतत जुळवत असते. जमेच्या बाजूला दोन रकमा येतात. एक बाहेरून येणारी : सूर्यकिरणांची, तापलेल्या जमिनीची, गरम वाऱ्याची. दुसरी आतून येणारी, आणि तिचाच आपल्याला बहुधा विसर पडतो. स्नायू काम करतात तेव्हा खर्ची पडणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. स्वस्थ बसलेला मनुष्य साधारण शंभर वॅट उष्णता निर्माण करतो. कुदळ चालवणारा किंवा डोक्यावरून विटा वाहणारा मनुष्य चारशे वॅट आणि त्याहूनही अधिक निर्माण करतो. सावलीत उभ्या असलेल्या मुकादमाला जे ऊन सुसह्य वाटते, तेच खड्डा खणणाऱ्याला घातक ठरू शकते, याचे कारण हे आहे.

खर्चाच्या बाजूला कडक उन्हाळ्यात एकच मोठी रक्कम उरते, ती घामाची. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा अधिक झाले की हवा शरीरातील उष्णता घेईनाशी होते, उलट देऊ लागते. अशा वेळी घामाचे बाष्प होणे हाच एक मार्ग शिल्लक राहतो. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र अंगावरून निथळून जमिनीवर पडणारा घाम काहीच थंड करीत नाही. त्यात पाणी आणि मीठ मात्र व्यर्थ जाते.

माठाचे उदाहरण

हे तत्त्व आपल्या घरातील माठ आपल्याला रोज दाखवीत असतो. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतील पाणी गार होते. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी सुखद गार लागते. मुंबईच्या किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत तोच माठ तितका गारवा देत नाही, कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने पाणी लवकर सुकत नाही. माणसाच्या शरीराची स्थिती अगदी अशीच आहे. म्हणूनच किनारपट्टीवरील ३५ अंश तापमान हे विदर्भातील ४३ अंशांच्या मानाने सौम्यच, असे समजणे चुकीचे आहे.

भारतीय हवामान विभागही हा भेद लक्षात घेतो. उष्णतेची लाट मानण्यासाठी मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश असावे लागते, तसेच ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले तर सरासरीचा विचार न करताही लाट मानली जाते.

प्रत्यक्ष कामाच्या जागेसाठी मात्र याहून उपयुक्त मोजमाप आहे. एका तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळलेले असते, दुसरा काळ्या गोलकात बसवलेला असतो आणि तिसरा सावलीत ठेवलेला साधा तापमापक असतो. अंतिम आकड्यात पहिल्याचा वाटा सत्तर टक्के, दुसऱ्याचा वीस टक्के आणि तिसऱ्याचा दहा टक्के धरतात. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेतील नौसैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर तरुण सैनिक उष्माघाताने कोसळू लागल्यानंतर विकसित झाली. नुसत्या उष्म्यापेक्षा आर्द्रतेला तीत एवढे महत्त्व का दिले आहे, हे माठाच्या उदाहरणावरून समजेल.

सवयीचे महत्त्व

उन्हाची सवय ही केवळ बोलण्याची गोष्ट नाही. ती शरीरात घडणारी एक निश्चित प्रक्रिया आहे. रोज उष्णतेत काम केल्यावर सात ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते आणि त्याच कामासाठी हृदयाचे ठोके कमी पडतात. गावाहून परतलेल्या, आजारातून उठलेल्या किंवा नव्याने कामावर आलेल्या मजुराला ही सवय नसते. उन्हात काम करताना होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, असा अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाचा अनुभव आहे. म्हणून तेथील तज्ज्ञ असे सुचवतात की नव्या कामगाराला पहिल्या दिवशी कामाच्या वेळेपैकी वीस टक्केच वेळ उन्हात ठेवावे आणि रोज वीस टक्क्यांनी वाढवावे. अनुभवी कामगार सुटीवरून परतला असेल तर पन्नास, साठ, ऐंशी आणि शंभर टक्के अशा चार दिवसांच्या पायऱ्या पुरतात.

पाणी, मीठ आणि वस्त्र

तहान लागण्याची वाट पाहू नये. जड काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी सुमारे एक पेला पाणी घ्यावे. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा थोडे थोडे पिणे हितकर असते. मात्र तासाला दीड लिटरहून अधिक पाणी पिऊ नये; त्यामुळे रक्तातील मीठ अतिशय पातळ होऊन वेगळाच धोका उद्भवतो. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडत आहे, असे समजावे.

घामावाटे जाणारे मीठ भरून काढण्यासाठी आपल्या देशातील प्रत्येक प्रांताने आपापला उपाय शोधलेला आहे. महाराष्ट्रात ताक, कैरीचे पन्हे, अंबील. कोकणात कोकमाचे सरबत. बिहारमध्ये मीठ-लिंबू घातलेले सत्तूचे पाणी. ओडिशात पखाळ, म्हणजे पाण्यात आंबवलेला भात. घाम फार जात असेल तर जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उच्च रक्तदाब, हृदयरोग किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी याबाबत आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मद्य पूर्णतः वर्ज्य समजावे.

वस्त्रे सैल, सुती व फिकट रंगाची असावीत. राजस्थानातील साफा आणि आपल्याकडील मुंडासे ही केवळ परंपरा नव्हे. कापडाचे अनेक थर ऊन थोपवतात आणि ते ओले केले तर डोके गार ठेवतात.

धोक्याची लक्षणे

पोटऱ्यांत किंवा पोटात पेटके येणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अतिशय थकवा ही पहिली सूचना होय. अशा वेळी काम तत्काळ थांबवून सावलीत बसावे आणि पाणी घ्यावे. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याची चाल अडखळू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. उष्माघातात त्वचा कोरडीच पडते, हा समज पूर्ण खरा नाही. कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रुग्णाला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर भरपूर गार पाणी ओतावे व वारा घालावा; त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. वाहन येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही.

मजुरी आणि विश्रांती

हे सारे ठाऊक असूनही मजूर थांबत नाही, कारण थांबला की मजुरी बुडते. उक्त्या कामात तर प्रत्येक विसाव्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. तेव्हा विश्रांती ही कामगाराच्या मर्जीवर न सोडता कामाच्या वेळापत्रकात आणि मजुरीच्या हिशेबात धरणे, हे काम देणाऱ्याचे कर्तव्य ठरते. पहाटे लवकर काम सुरू करणे, दुपारची वेळ मोकळी ठेवणे, सावलीसाठी ताडपत्री, हाताशी पाणी आणि दोघा-दोघांच्या जोड्या, म्हणजे एकाचे लक्ष दुसऱ्यावर राहील, एवढी व्यवस्था फार खर्चाची नाही. उलट, ती न करण्याचा खर्च मोठा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार १९९५ मध्ये उष्णतेमुळे भारतातील ४.३ टक्के कामाचे तास वाया गेले होते. २०३० पर्यंत हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर जाईल, असा त्यात अंदाज आहे.

पूर्वतयारीने काय साधते, याचा दाखला अहमदाबादने दिला आहे. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा अमलात आणला : आगाऊ इशारे, पाणपोया, रुग्णालयांची सज्जता. या आराखड्यामुळे दरवर्षी सरासरी १,१९० मृत्यू टळले, असे पुढील अभ्यासात अनुमान काढण्यात आले. गुजरातमध्येच ‘सेवा’ या असंघटित महिला कामगारांच्या संघटनेने २०२३ पासून उष्णतेच्या विम्याचा प्रयोग सुरू केला. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दावा न करताही रक्कम थेट सदस्य महिलेच्या बँक खात्यात जमा व्हावी, अशी त्याची रचना आहे. एक दिवस काम न करण्याची मुभा गरिबाला मिळावी, हा त्यामागील हेतू आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घराचे, दुकानाचे किंवा शेताचे काम या उन्हाळ्यातही कोणीतरी उन्हात उभे राहून करीत असेल. त्याच्या हाताशी पाण्याचा माठ आहे का, बसायला सावली आहे का, आणि बसल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाणार नाही, हे त्याला ठाऊक आहे का, एवढे तीन प्रश्न आपण स्वतःला विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी करण्यास फारसे द्रव्य लागत नाही.