संघ कुणाचा, पोरगी कुणाची

घुग्घुसच्या शाळेच्या भिंतीवर बॅटरी टेस्टच्या दिवसांत खडूच्या रेघा उमटतात. पोरं भिंतीला खेटून उभी राहतात, हात वर ताणतात, सर बोटाच्या टोकाशी रेघ मारतात. मग जागेवरूनच उडी. बोट जिथं टेकेल तिथं दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. पुढे ३० मीटर धावणं, दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, मेडिसिन बॉलची फेक, वाकून बोटं पुढे सरकवणं, आणि शेवटी सगळ्यांना रडवणारी ८०० मीटरची धाव. ती संपवून पोरगी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहते, तेव्हा तिच्या पोटऱ्यांपर्यंत काळं चढलेलं असतं. कोळशाच्या गावातली धूळ, दुसरा रंग कुठून येणार? "काऊन वं, झालं का एवढ्यात?" सर विचारतात. बोलायला तिच्याकडे श्वास नसतो, ती नुसती मान हलवते.

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घ्यायची मुलं या चाचणीतून हेरतात. तिच्यात हॉकी कुठंच नाही, स्टिक तर दृष्टीसही पडत नाही. तरी हॉकी इंडिया लीगचा २०२४-२५चा हंगाम टीव्हीवर पाहताना मला सारखी ही भिंत आठवत होती.

ही लीग सुरू झाली २०१३ साली, २०१७ला थांबली आणि सात वर्षं निपचित पडून राहिली. २८ डिसेंबर २०२४ला राउरकेल्यात ती पुन्हा उभी राहिली, पुरुषांचे आठ संघ घेऊन. बायकांसाठी मात्र ही पहिलीच वेळ. जाहीर झाले होते सहा संघ, उतरले चार: ओडिशा वॉरियर्स, सूरमा हॉकी क्लब, दिल्ली एसजी पायपर्स आणि बंगाल टायगर्स. लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला ४ कोटींची थैली, बायकांच्या संघाला २ कोटींची. पुरुषांत हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले; बायकांत सगळ्यांत महाग ठरली बंगालनं घेतलेली उदिता, ३२ लाखांना. या दरीवर मी काही बोलत नाही, आकडे पुरेसे बोलतात.

आठ अधिक चार, बारा संघ. त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

आपल्याकडे संघ कधीच नव्हते असं मात्र नाही. प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होता. २०१२च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर शेर-ए-पंजाबकडून ५-२ असा हरला, आणि मग ती स्पर्धाच पुन्हा भरली नाही. २०१३ला मुंबई मॅजिशियन्स आला. जानेवारीत सीमेवर तणाव पेटला, लीगमधले नऊ पाकिस्तानी खेळाडू माघारी पाठवले गेले. त्यांतले चार मुंबईचे, म्हणजे खेळ सुरू होताहोताच संघाचं कंबरडं मोडलं. दोन हंगामांत मॅजिशियन्स गेला, त्याच्या जागी दबंग मुंबई आला. २०१७चा अंतिम सामना त्यानं कलिंगा लान्सर्सविरुद्ध ४-१ असा गमावला, आणि त्यानंतर लीगच बंद पडली. भाड्याच्या घरात पाटी बदलावी तशी आपली संघांची नावं.

खेळाडू मात्र पाटीवर अवलंबून नसतात. ते भलतीकडेच तयार होत होते, सातारा जिल्ह्यात. फलटण म्हटलं की आपल्याला ज्ञानोबांच्या पालखीचा तळ आठवतो, वाटेवर चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आठवतं. त्याच तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे. दोघी भारताकडून खेळल्या, दोघी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी बालेवाडीच्या वसतिगृहात जाते, पाणी मारलेल्या कृत्रिम टर्फवर पहिल्यांदा धावते. मातीवर चेंडू उसळतो, टर्फवर तो जमिनीला चिकटून पळतो. पाय, कंबर, मनगट सगळं नव्यानं शिकावं लागतं. मातीवरची पुण्याई तिथं फारशी कामाला येत नाही.

ऋतुजा दादासो पिसाळ हीदेखील सातारा जिल्ह्यातलीच. त्या हंगामात ती ओडिशा वॉरियर्सकडून खेळली. तिच्या संघात नेदरलँड्सची यिबी यान्सन होती, पॅरिस ऑलिम्पिकच्या सुवर्णविजेत्या संघातली, ड्रॅग फ्लिकची जगातली एक अव्वल खेळाडू. कर्णधार नेहा गोयल. प्रशिक्षक यानेके शॉपमन, भारतीय महिला संघाला आधी शिकवून गेलेल्या. अशा मांडवात साताऱ्याच्या तरुण पोरीकडे कॅमेरा कशाला वळेल?

बायकांचे सगळे सामने रांचीत, जयपाल सिंग मुंडा मैदानावर झाले. चौघींनी एकमेकींशी दोन-दोनदा खेळायचं, वरच्या दोघींनी अंतिम सामना. ओडिशा आणि सूरमा उरले. २६ जानेवारी २०२५, प्रजासत्ताक दिन. आमच्याकडे सकाळचं झेंडावंदन, जिलबी आटोपून गाव सुस्तावलेलं. १५-१५ मिनिटांची चार सत्रं. विसाव्या मिनिटाला गोल: पिसाळ. अठ्ठाविसाव्याला सूरमाच्या पेनी स्क्विबनं बरोबरी केली. मग जवळजवळ अर्धा तास १-१. हॉकी पाहणाऱ्याला ठाऊक असतं, अशा वेळी नजर सारखी पेनल्टी कॉर्नरकडे लागते आणि यान्सनसारखी खेळाडू हाताशी असली की आपण तिच्याच नावाचा धावा करतो. मीही तोच करत होतो. सत्तावन्नावं मिनिट, पुन्हा गोल. नाव पुन्हा पिसाळ.

ओडिशा २, सूरमा १. दीड कोटींचं बक्षीस, बायकांच्या लीगचं पहिलं विजेतेपद ओडिशाच्या नावावर. गोल दोन्ही साताऱ्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं बस स्टँडवर पेपर घ्यायला गेलो. स्टॉलवाला हसला. "भाऊ, काल सुट्टी नव्हती का छापखान्याले? आज कायचा पेपर?" २७ जानेवारीला पेपर येत नाही, हे दरवर्षी विसरतो मी. २८ तारखेची वाट पाहिली. तोवर शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना तोंडीच बातमी सांगितली. त्यांनी दोनदा आडनाव विचारून घेतलं.