आग विझवणारे काच का फोडतात? आणि आग विझल्यावर काय?

शिक्षक आणि पालकहो,

14 एप्रिलपासून आठवडाभर आपण अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले 66 जवान मरण पावले. शाळेत यावर निबंध होतात, चित्रं होतात. पण ज्यांचं घर खरंच जळतं, त्यांचा प्रश्न वेगळा असतो : चांगल्या खोलीची काच का फोडली? गादी बाहेर का फेकली?

घराच्या आगीत ज्वाळांपेक्षा धूर जास्त जीव घेतो. गरम धूर आधी छताखाली साठतो आणि मग खाली उतरतो, म्हणून जवान वाकून, रांगत आत शिरतात. दिसत काहीच नाही. जोडीनं, भिंतीला हात लावून खोली चाचपत जातात. काच फोडतात ती धूर आणि उष्णता बाहेर काढायला, तीही पाण्याचा पाइप तयार असताना. कारण अवेळी हवा मिळाली तर आग भडकतेच. पाणी उष्णता शोषून घेतं आणि एका लिटरची साधारण 1700 लिटर वाफ होते. (विज्ञानाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण कुठलं?) कापसाची गादी मात्र आतून तासन्‌तास धुमसते, म्हणून ती बाहेर नेऊन, चिरून भिजवतात.

मुलांना मास्क लावलेल्या जवानाचा फोटो जरूर दाखवा. त्या मास्कमधून श्वासाचा विचित्र आवाज येतो. घाबरलेलं मूल पलंगाखाली किंवा कपाटात लपतं आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. ‘लपायचं नाही, मी इथे आहे असं ओरडायचं’ हे वर्गात दोन-चारदा करूनच घ्या. माझ्या मते सप्ताहातला सगळ्यात उपयोगी तास हाच.

आग विझल्यावर जवान सांगत नाहीत तोवर आत जाऊ नका. मेन स्विच वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नका. काहीही टाकून देण्याआधी फोटो काढा. पोलिसांचा पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला विम्यासाठी लागतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मंडळाकडून मिळते. त्या अर्जात शाळेनं मदत करावी. फार जळून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत घेत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्याव्या लागतात. त्या उलगडत बसू नका, आहेत तशाच डब्यात ठेवा.

मूल शाळेत परत येईल तेव्हा गणवेश, पुस्तकं आधीच घरी पोचलेली असू द्या. वर्गासमोर बोलावून मदत देणं टाळा. काही मुलांच्या मनात ‘माझ्यामुळेच आग लागली’ असं घर करून बसतं. बोललं तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका. आणि जळालेल्या वह्या पुन्हा लिहून काढायला कृपया लावू नका. मित्राच्या वहीची झेरॉक्स पुरते.