चित्रकथेतला स्वयंसेवक वैमानिक आणि चौकटीबाहेर राहिलेले आपले लोक

(गंगापूर रोड, नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, कॉमिक्सवर काय व्याख्यान द्यायचं? पण नाशिककरांना विमान काही नवीन नाही. ओझरला एचएएलचा कारखाना आहे, गांधीनगरच्या तळावरून सैन्याची हेलिकॉप्टरं उडतात. वैमानिक म्हटलं की आपल्या मनात जे चित्र उभं राहतं, ते मात्र ओझरहून आलेलं नाही. ते छापील कागदावरून आणि पडद्यावरून आलंय. ते चित्र कुणी काढलं आणि त्यात काय गाळलं, एवढंच आज बघायचंय.

आधी शब्द स्पष्ट करू. स्वयंसेवक वैमानिक म्हणजे ज्याच्यावर सक्ती नव्हती, जो नागरी आयुष्यात विमान चालवायला शिकला आणि युद्ध किंवा संकट आलं तेव्हा आपणहून पुढे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा माणूस कॉमिक्सचा लाडका नायक झाला.

ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेत ‘ब्लॅकहॉक’ ही चित्रकथा सुरू झाली. वेगवेगळ्या देशांचे वैमानिक एकत्र येतात, कुठल्याही सैन्यात नसतात, स्वतःच्या जिवावर नाझींशी लढतात, अशी कल्पना. अफाट लोकप्रिय झाली. आता गंमत बघा. या पथकात एक चिनी माणूसही होता. बाकीच्यांना रुबाबदार गणवेश. याच्या हातात मात्र खाटकाचा सुरा, आणि काम स्वयंपाक्याचं. चेहरा विनोदी काढलेला. म्हणजे आशियाई माणूस स्वयंसेवक असू शकतो, पण विनोदापुरता! ही चौकट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी खरं स्वयंसेवक पथकही उभं राहत होतं. क्लेअर शेनॉल्ट यांचं ‘अमेरिकन व्हॉलंटियर ग्रुप’, लोकांनी दिलेलं नाव ‘फ्लाइंग टायगर्स’. विमानांच्या नाकावर शार्कचे दात रंगवलेले. प्रशिक्षण ब्रह्मदेशात टाउंगूला, म्हणजे आपल्या शेजारीच. हे लोक अमेरिकन सैन्याचे राजीनामे देऊन, कागदोपत्री नागरिक म्हणून, करारावर चीनसाठी लढायला आले होते. पगार महिना सुमारे ६०० डॉलर, आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर. यात त्यांच्या धैर्याला उणेपणा नाही. पण चित्रात हा करार दिसत नाही. वैमानिक सुमारे शंभर, तर जमिनीवर विमानं दुरुस्त करणारे, दारूगोळा भरणारे, कारकुनी करणारे त्यांच्या दुप्पट. तेही दिसत नाहीत.

१९४२ मध्ये जॉन वेनचा ‘फ्लाइंग टायगर्स’ चित्रपट आला. त्यात हे वैमानिक पर्ल हार्बरच्या आधीपासून लढताना दाखवलेत. प्रत्यक्षात त्यांची पहिली लढाई २० डिसेंबर १९४१ ची, म्हणजे पर्ल हार्बरच्या तेरा दिवसांनंतरची. आणि आजही अनेकांच्या डोक्यात चित्रपटातला क्रमच पक्का बसलाय. चित्राची ताकद अशी असते, बरं का.

आता बायकांकडे येऊ. ‘बिगल्स’ लिहिणारे डब्ल्यू. ई. जॉन्स यांनी १९४१ मध्ये ‘वॉरल्स’ नावाची नायिका पुस्तकात आणली. ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत असते आणि विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवते. मुलींनी त्या शाखेत भरती व्हावं, हा त्यामागचा उद्देश होता. पण त्या शाखेतल्या बायकांना विमान चालवायला देतच नव्हते! हे काम खरोखर करत होत्या ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी’ या नागरी संघटनेतल्या वैमानिक. जानेवारी १९४० मध्ये आठ जणींनी सुरुवात केली, पुढे ही संख्या १६८ झाली. याच संघटनेत वय उलटून गेलेले, एक हात नसलेले पुरुषही विमानं पोचवत होते. सैन्यानं नाकारलेली माणसं हीच तिची ताकद होती. कथेनं काम त्यांचं घेतलं आणि गणवेश दुसऱ्यांचा चढवला.

मग आपले लोक कुठे होते?

पहिल्या महायुद्धापासून होते. ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक म्हणून गेलेल्या मोजक्या भारतीयांत इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, एरॉल सेन आणि मुंबईचे वेलिणकर. मलिक यांना आधी नकार मिळाला, तेव्हा त्यांनी फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवली. रॉय आणि वेलिणकर दोघेही १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेले. रॉय यांच्यावर १९९८ मध्ये टपाल तिकीट निघालं. वेलिणकरांचं नाव या सभागृहात आधी किती जणांनी ऐकलं होतं? हात वर करा. बघा, मोजायला एक हात पुरतो.

पुढे १९३० चं दशक. मुंबई फ्लाइंग क्लबसारख्या ठिकाणी नागरी वैमानिक तयार होत होते. ८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि एकाच आठवड्यानं, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. लष्करी आणि नागरी उड्डाण आपल्याकडे असं जोडीनं वाढलं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा हवाई दलाकडे अवघी एक स्क्वाड्रन. मग ‘व्हॉलंटियर रिझर्व्ह’ उभं केलं आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन अशा बंदरांवर तुकड्या ठेवल्या. त्यात नागरी वैमानिक आले. विमानं कसली? जुनी वापिटी; आणि मद्रासला तर चक्क प्रवासी वाहतुकीची अटलांटा विमानं समुद्रावर गस्त घालत होती. तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचं, जहाजांच्या ताफ्यांवर लक्ष ठेवायचं आणि परत यायचं. यात चित्र काढण्यासारखं काय, असं संपादकाला वाटलं असणार. पण बंदरं चालू राहायची, तर हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

याच रिझर्व्हमधले मनमोहन सिंग. १९३० मध्ये इंग्लंड ते भारत एकट्यानं उडत आलेले वैमानिक. ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी हल्ला झाला, त्यात ते गेले.

आणि ऑक्टोबर १९४७. काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला. २७ तारखेला दिल्लीहून श्रीनगरला जवान न्यायचे, तर हवाई दलाची डाकोटा विमानं अपुरी. खासगी कंपन्यांची डाकोटा आणि त्यांचे नागरी वैमानिक कामाला लागले. श्रीनगरची धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की नाही, हे दिल्लीत नक्की ठाऊक नव्हतं. तशात ही माणसं उतरली, जवान उतरवले आणि पुढच्या खेपेसाठी परत फिरली.

आपल्या पिढीनं मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचली. १९६४ ला सुरू झालेल्या या मालिकेत वेताळ होता, मँड्रेक होता, पुढे बझ सॉयर हा अमेरिकन वैमानिकही आला. मीही ती आवडीनं वाचली, आजही वाचतो. तक्रार कॉमिक्सबद्दल नाही. तयार परदेशी पट्ट्या विकत घेणं प्रकाशकाला सोयीचं होतं, एवढंच. परिणाम मात्र असा झाला की, आपल्या मुलांना परदेशी वैमानिकाचा चेहरा माहीत आणि मुंबईच्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्याचा नाही. ज्या चौकटीनं चिनी माणसाला स्वयंपाकी केलं, तिच्यात आपल्याला जागाच नव्हती.

म्हणून जुनी चित्रकथा हातात घ्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. या माणसाचा पगार कोण देतंय? विमान दुरुस्त कोण करतंय? आणि विमानात काय भरलंय, बंदूक, टपाल की माणसं? गाळलेली गोष्ट या तीन उत्तरांत सापडते.

शेवटचं एकच सांगतो. प्रत्येक वैमानिकाकडे लॉगबुक असतं, कुठलं विमान, कुठून कुठे, किती वेळ, याची वही. फ्लाइंग क्लबात शिकलेल्या त्या पिढीच्या वह्या अजून कुणाकुणाच्या माळ्यावर ट्रंकेत असतील. घर आवरताना त्या रद्दीत घालू नका. इथे चित्रकार मुलं-मुली बसली आहेत. त्यांना कल्पनेतला नायक शोधायची गरज नाही. तारखा आणि ठिकाणं त्या वह्यांत आहेत.