मोजणी पुन्हा शून्यावर का येते?

प्लॅस्टिकची फणी कोरड्या केसांवरून फिरवली की ती कागदाचे कपटे उचलते, हे तुम्ही पाहिले असेल. घर्षणामुळे फणीवर विद्युतप्रभार जमतो. तो तेथेच राहतो, म्हणून त्याला स्थिर विद्युत म्हणतात. ही स्थिर विद्युत चांगल्या यंत्रालाही कशी चकवते, ते पाहू.

समजा, तुम्ही कार्ले येथील एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाहुणे मोजणारे यंत्र बनवले. पाहुण्याने धातूचे बटण दाबले की आकडा एकाने वाढतो. हे काम मायक्रोकंट्रोलर नावाची लहानशी चिप करते. ऑगस्टमध्ये यंत्र बिनचूक चालले. जानेवारीत मात्र मोजणी ८७ पर्यंत गेली आणि अचानक शून्यावर आली. चिप बिघडलेली नाही. तिने आपले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. यालाच रीसेट म्हणतात.

असे का झाले? कार्ले हे मावळ तालुक्यातील गाव लोणावळ्याजवळ आहे. पावसाळ्यात येथील हवा दमट असते. वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यातून निघून जातो. हिवाळ्यात हवा कोरडी होते. स्वेटर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घासला की अंगावर जमलेला प्रभार तसाच राहतो. मग बोट बटणाजवळ नेताच ठिणगी उडते. असा चटका आपल्याला जाणवतो, तेव्हा विद्युतदाब सुमारे ३,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो. प्रभार अगदी थोडा असल्याने आपल्याला इजा होत नाही. पण चिप केवळ ५ व्होल्टवर चालते. तिच्या रीसेट पिनेवरील दाब क्षणभर शून्याजवळ गेला, तरी 'पुन्हा सुरू कर' असा हुकूम मिळाला, असे ती समजते.

मात्र प्रत्येक रीसेटचे खापर स्थिर विद्युतेवर फोडू नका. आधी तपासा. मोटार सुरू होतानाच रीसेट होतो का? मग वीजपुरवठा कमी पडत असेल. तार हलवली की होतो का? मग जोड सैल असेल. बटणाला हात लावतानाच होतो का? मग प्रथम खिडकीच्या रंग न दिलेल्या लोखंडी गजाला हात लावा आणि लगेच बटण दाबा. असे अनेक वेळा करूनही रीसेट झाला नाही, तर चोर बहुधा सापडला! एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निरीक्षणे वहीत लिहा.

आता उपाय. धातूच्या बटणाऐवजी प्लॅस्टिकचे बटण लावा. बटणाच्या तारा आखूड ठेवा. सुटी चिप वापरली असेल, तर रीसेट पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक जोडा. त्याच पिनेपासून चिपच्या ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र जोडा. तो क्षणिक धक्का शोषून घेतो. जोडणी करताना वीजपुरवठा बंद ठेवा. शिवाय प्रत्येक आकडा चिपच्या कायम स्मृतीत, म्हणजे ईईप्रॉममध्ये, साठवा. मग रीसेट झाला तरी मोजणी ८७ वरूनच पुढे चालेल.

यंत्र अडले की पुष्कळ जण लगेच प्रोग्रॅम बदलतात किंवा नवी चिप आणतात. त्यात पैसे आणि वेळ जातो, पण दोष तसाच राहतो. म्हणून बिघाड केव्हा होतो, हे आधी पाहा. तो का होतो, याचा पत्ता तेथेच लागतो.