कुलाब्याच्या नोंदीतले सूर्याचे वादळ

२ सप्टेंबर १८५९. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची क्षैतिज तीव्रता एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर झळाळी पाहिली होती. सूर्यावर उद्रेक झाला की पृथ्वीवरच्या नोंदी का ढळतात? उत्तर विद्युतभारित कणांच्या प्रवासात आहे.

उद्रेकातून प्रोटॉन-इलेक्ट्रॉनचा प्रचंड ढग सुटतो. सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही त्याच्यासोबत येते. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. मग पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने कण आत ढकलले जातात.

ते सरळ जमिनीवर मात्र येत नाहीत. त्यांना तीन गती मिळतात. पहिली, चुंबकीय बलरेषेभोवती गिरकी. दुसरी, त्याच रेषेवरून उत्तर-दक्षिण येरझारा. ध्रुवांकडे क्षेत्र तीव्र होत असल्याने बहुतेक कण तिथून माघारी फिरतात. तिसरी, पृथ्वीभोवती फेरी. प्रोटॉन पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. भार विरुद्ध आणि दिशाही विरुद्ध, म्हणून दोघांचा मिळून पश्चिमेकडे वाहणारा एकच प्रवाह बनतो. हा वलयप्रवाह. त्याचे क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असल्याने वादळात मुंबईसारख्या ठिकाणी क्षैतिज तीव्रता घटते.

वातावरणाचे कवच असल्याने जमिनीवरच्या माणसाला या कणांचा धोका नाही. फटका बसतो तो यंत्रणांना. ध्रुवांजवळच्या आकाशातले विद्युतप्रवाह वादळात झपाट्याने बदलतात आणि लांबलचक वीजवाहिन्यांतही प्रवाह निर्माण करतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्यूबेकमध्ये असेच झाले. सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात होते.

ढग पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. पण त्यातल्या क्षेत्राची दिशा नेमकी कळते, ती तो पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या यानांपर्यंत पोहोचल्यावर. भारताचे ‘आदित्य-एल१’ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. त्यानंतर हाती उरतो जेमतेम अर्धा-पाऊण तास. वीज आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांना सावध व्हायला तेवढाच वेळ मिळतो.